जुन्या पवित्र शास्त्राची बाइंडिंग: खजुरी बाजारातले जिल्दवाले (पाचपैकी चार तारे)

दुकानाला पाटी नाही, म्हणून आधी पत्ता. इंदूरच्या राजवाड्याकडून खजुरी बाजारात शिरलं की दोन्ही अंगांना वह्या-पुस्तकांचीच दुकानं लागतात. त्यातल्या एका गाइडवाल्याच्या बगलेतून अरुंद जिना वर जातो. सतरा पायऱ्या, नववी फुटलेली. वर एकच खोली. एक लोखंडी शिकंजा, एक कागद कापायची मशीन, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे आणि खिडकीच्या उजेडात मांडी घालून बसलेले चाचा. नाव विचारलं तर म्हणाले, "नाम से कोई नहीं ढूँढता, जिल्दवाले बोलो." तेव्हा मीही इथे तेवढंच म्हणतो.

स्कूटर राजवाड्यापाशी लावा आणि चालत जा. एप्रिल ते जुलै तिकडे फिरकू नका, तेव्हा अख्खं इंदूर मुलांची पुस्तकं घ्यायला तिथेच लोटलेलं असतं आणि चाचाही शाळांच्या रजिस्टरांत बुडालेले असतात.

माझं काम होतं मराठी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जुन्या प्रतीचं. आजोबा गिरणीत काम शोधायला नगरहून इकडे आले तेव्हा ती त्यांच्या ट्रंकेत होती. शीर्षकाचं पान कधीच गेलंय, त्यामुळे छपाईचं साल कळत नाही. पण पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात 1954 आहे आणि त्याखाली आमच्या घरातले सगळे बाप्तिस्मे, शेवटचा माझ्या धाकटीचा. आजोबांकडून अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, अण्णांकडून माझ्याकडे. आता अवस्था अशी की कणा उभा चिरलेला, मधले तीन फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटून बाहेर आलेले आणि वरचा पुठ्ठा एका दोऱ्यावर लोंबकळणारा.

चाचांच्या आधी दोन दुकानं करून झाली होती. पहिला म्हणाला, नवीन घ्या, याच्या बाइंडिंगपेक्षा स्वस्त पडेल. पडेलही. दुसऱ्याने पुस्तक हातात तोललं आणि म्हणाला, "भिया, दो हिस्से करके स्पायरल मार देता हूँ." जुना करार एक स्पायरल, नवा करार दुसरी स्पायरल! मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघालो.

चाचांनी आधी हात धुतले. मग पाटावर धुतलेलं कापड अंथरलं. "मज़हबी किताब है, नीचे नहीं रखूँगा," असं स्वतःशीच म्हणत पुस्तक त्यावर ठेवलं आणि बराच वेळ नुसतं उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "गिरी थी, या पटकी थी?"

"गिरी थी," मी म्हणालो.

"गिरने से कोना मुड़ता है. ये पीठ से फटी है." एवढंच बोलून ते चष्मा पुसायला लागले.

पटकली होती. मीच.

सियागंजात एका होलसेल पेढीवर मी हिशेब लिहितो. मुलगा बारावीत, भंवरकुआँच्या एका कोचिंगमध्ये, फी चार हप्त्यांत. तिसरा हप्ता भरायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, हा दीड महिना आलेलाच नाही. आणि हा रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत होता.

आमच्याकडे रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते. त्या रात्री मी बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक काढलं. बापाचं न ऐकणाऱ्या मुलाबद्दल तिथे पुष्कळ आहे आणि मी ते वेचून वेचून वाचलं, प्रत्येक ओळीनंतर मान वर करून त्याच्याकडे बघत. पोरगं रिकाम्या ताटाकडे बघत बसलेलं. मला वाटलं होतं रडेल, कबूल करेल. काही नाही. मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी, "यात लिहिलंय ते तरी ऐकणार आहेस का?" म्हणत ते पुस्तक टेबलावर आपटलं. स्टीलचा पेला उडून खाली गेला. धाकटी रडायला लागली. मुलगा एकच वाक्य बोलला. "बाबा, ते आजोबांचं आहे."

चाचांना यातलं काही सांगितलं नाही, त्यांनीही परत विचारलं नाही. पण रिव्ह्यू लिहायचा तर पुस्तक का फाटलं तेही यायला हवं.

आता काम. मी पहिल्या दिवशी तासभर बसून पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात मुद्दाम एकदा परत गेलो. आजकाल बहुतेक ठिकाणी पाठीला पांढरा गोंद थापतात, वर रेग्झिन चिकटवतात आणि झाली बाइंडिंग. दोन वर्षांत पानं हातात. चाचा तसं करत नाहीत. जुनी पाठ ओल्या फडक्याने भिजवून, जुनी खळ बोथट सुरीने खरवडून काढली. दोरे एकेक कापले. फर्मे सुटे केले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक आकडा घातला. बायबलचा कागद पातळ, मागची अक्षरं पुढे दिसतात. घडीवर फाटलेल्या पानांना त्यांनी पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या लावल्या. खळ घरची, मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मग फितींवर शिलाई, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने. मी पाहत असताना त्यांनी दोरा अगदी हलका ओढला. मी म्हणालो, जरा घट्ट करा ना. तर म्हणाले, "मोटे कागज़ में खींच लो, चलेगा. इसमें ज़ोर दोगे तो धागा ही कागज़ को काट देगा."

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हे वाक्य कळलं तर तीन रविवारांच्या प्रवचनांची सोय होईल. मी त्यांना सांगितलेलं नाही.

जे तीन फर्मे सुटले होते ते जुन्या करारातल्या '1 इतिहास' या पुस्तकाचे. ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक असेल, पहिले नऊ अध्याय जवळजवळ नुसती नावं आहेत, कोणाला कोण झाला याची यादी. मी आयुष्यात ती कधी सलग वाचलेली नाहीत. चाचांना देवनागरी चांगली येते. बोट ठेवून वाचायला लागले, "आदाम, शेथ, अनोश..." मग खाली नोहापर्यंत गेले आणि खूश झाले. "ये तो हमारे भी हैं. आदम, शीस, नूह." आणखी अर्धं पान वाचून मान हलवली. "इतने सारे बाप," म्हणाले आणि सुई उचलली.

शेवटचं पान दाखवून त्यांनी विचारलं, "ये हिसाब रखना है, या निकाल दूँ?"

तो अण्णांचा हिशेब. अण्णा ज्या गिरणीत होते ती 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. मी तेव्हा दहावीत होतो. चव्वेचाळीसाव्या वर्षी अण्णांनी एका गोदामावर रात्रपाळीची चौकीदारी धरली. त्या पानावर पुढच्या दीड वर्षाचा हिशेब आहे, बारीक पेन्सिलीत: किराणा, रॉकेल, दोघांची शाळेची फी, उसने. मी हे पान लहानपणापासून पाहत आलोय, पण चाचांच्या खिडकीपाशी ते हिशेबनिसाच्या डोळ्यांनी पहिल्यांदा वाचलं. एकाही महिन्याचा मेळ बसत नाही. खर्च दर महिन्याला जमेपेक्षा जास्त. आणि जिथे आपण तफावत लिहितो, त्या जागी अण्णांनी आकडा घातलेला नाही. दर महिन्याला तिथे एकच गोष्ट: 2 करिंथ 12:9.

पौलाच्या पत्रातला तो उतारा आमच्या घरात सगळ्यांना पाठ. पौल आपल्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवतो. काटा निघत नाही. उत्तर मिळतं, माझी कृपा तुला पुरे आहे, अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला उभा राहिलो की मीही हे वचन घेतो. प्रभूने मला बाप म्हणून बळ दिलं, असं मी माइकवर दोनदा तरी म्हटलंय. त्या बळाचा अर्थ माझ्या मनात काय होता ते आता विचारलं तर सांगतो. आवाज. घरात मी बोललो की सगळे गप्प होतात, ते बळ. अण्णा कधीच साक्ष द्यायला उठले नाहीत. सकाळी सहाला गोदामावरून यायचे, पायजम्याला सुतळीचे धागे चिकटलेले, खाटेवर बसून ओळीखाली बोट धरून वाचायचे आणि वाचता वाचता झोपायचे. आई पुस्तक हळूच काढून घ्यायची. मला ते तेव्हा हरलेले वाटायचे. मी ख्रिश्चन कॉलेजात गेलो तेव्हाही वाटायचे.

"रखना है," मी चाचांना म्हणालो. त्यांनी ते पान पट्टी लावून शेवटच्या फर्म्याला जोडलं. कडाही कापल्या नाहीत. मशीनवर कडा सरळ करायच्या आधी विचारलं, कारण समासात आजोबांनी काही काही लिहिलंय. बाइंडर हे विचारत नाहीत, कापून मोकळे होतात. याचा एक तारा वेगळा द्यायला हवा.

वेळेच्या बाबतीत मात्र कच्चे. आठ दिवस सांगितले, तेरा लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "बस कल" म्हणतात.

त्या तेरा दिवसांत घरात पुस्तक नव्हतं. पहिल्या रात्री धाकटी म्हणाली, बाबा, फोनमध्ये आहे ना. काढलं. स्तोत्र वाचत होतो तर वरून कोचिंगचा मेसेज टपकला, तिसरा हप्ता त्वरित भरा. फोन पालथा ठेवला. आता प्रार्थना करायची तर काय करायची? माझ्याकडे मुद्दे होते. शिस्त, खोटेपणा, बापाचे कष्ट, असे सगळे क्रमाने. डोळे मिटून मुलाला ऐकवायची प्रार्थना मी वर्षानुवर्षं करत आलोय, हे त्या क्षणी इतकं उघडं दिसलं की तोंडच उघडेना. शेवटी आम्ही फक्त "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हटलं आणि जेवायला बसलो. पुढचे चार दिवस तेच. धाकटीला हा प्रकार आवडला, लवकर संपतो म्हणून.

सहाव्या रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. गच्चीचं दार उघडं दिसलं, वर मुलगा होता. मी माठापाशी उभा राहिलो. वर जाऊन काय बोलायचं याचं भाषण पायऱ्या चढायच्या आधीच तयार झालं होतं आणि ते चांगलं होतं, त्यात अण्णांची चौकीदारीही होती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे, मुलाला घेऊन येशूकडे आलेला, जो एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. माझ्या डोक्यात तो माणूस आला. मी म्हणालो, प्रभो, माझ्याकडचं सगळं वापरून झालंय, आणि त्यानेच पुस्तक फाटलंय.

वर गेलो. म्हणालो, "आजोबांचं पुस्तक माझ्यामुळे फाटलं. आणि त्या रात्री तुला जे बोललो ते बोलायला नको होतं. माफ कर." तो म्हणाला, "हं." मी थांबलो. भाषण अगदी दातांपर्यंत आलं होतं. कोचिंगचा 'को' तोंडात होता. मी गप्प बसलो, पाच मिनिटं असेल, आयुष्यातली सगळ्यात अवघड. मग तो खाली झोपायला गेला. त्या रात्री मला जे बळ मिळालं ते एवढंच, की तोंड बंद राहिलं. माझं स्वतःचं ते नव्हतं. बायकोला विचारा, माझ्याकडे ते कधीच नव्हतं.

तेराव्या दिवशी, शनिवारी, मुलगा आपण होऊन म्हणाला, मी पण येतो. टिळक नगरहून निघालो. स्कूटरवर मागे बसलं की पोरं बोलतात, तोंड दिसत नाही म्हणून. पलासियाच्या अलीकडेच त्याने सुरू केलं. ऑक्टोबरपासून फिजिक्स डोक्यावरून जात होतं. सरांनी फळ्यापाशी उभं केलं, वर्ग हसला, त्यानंतर गेलाच नाही. नेहरू पार्कात बसायचा. डबा अकरालाच खाऊन टाकायचा. पलासियाला सिग्नल लाल होता. माझ्याकडे तीन प्रश्न तयार होते, तिन्ही "मग तेव्हाच का नाही" असे सुरू होणारे. मी आरशात बघितलं नाही. हेल्मेटच्या आत पुटपुटलो, पुरे आहे, पुरे आहे. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला, सिग्नल हिरवा झाला होता.

चाचांनी पुस्तक पांढऱ्या कापडात गुंडाळून मुलाच्या हातात दिलं, माझ्या नाही. उघडून दाखवलं. एकदम मऊ उघडतं, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेही उघडा, सपाट पडतं. काळं रेग्झिन, लाल फीत. पैसे सातशे. शिलाई, दुरुस्ती आणि पुठ्ठा साडेपाचशे, पट्ट्यांचे पन्नास, पाठीवरच्या सोनेरी अक्षरांचे शंभर. या कामाला सातशे म्हणजे काहीच नाही, मी हिशेबाचा माणूस सांगतोय.

परत येताना मुलगा पुस्तक मांडीवर धरून मागे बसला होता. रीगलच्या सिग्नलला म्हणाला, "बाबा."

"काय?"

"यावर 'पवित्र शस्त्र' लिहिलंय."

मी मान वळवून पाहिलं. पाठीवर सोनेरी, सुबक, ठसठशीत: पवित्र शस्त्र. काना गळालेला. आणि मागून हसू ऐकू आलं. तो असा हसत होता की त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटत होतं. "तुम्हीच अशी ऑर्डर दिली होती का?" माझे कान तापले. पूर्वीचा मी असतो तर तिथेच स्कूटर बाजूला घेतली असती. पण उत्तर काय देणार, त्या रात्री तर मी ते तसंच वापरलं होतं. मीही हसायला लागलो. एम.जी. रोडवर मागे वळायची सोय नाही, घरी आलो.

याचाच एक तारा कापलाय. नंतर परत जाऊन दाखवलं तर चाचा म्हणाले, सोनेरी अक्षरं ते स्वतः उठवत नाहीत, बाहेरच्या कारागिराकडे पाठवतात, अक्षरांचे खिळे जुळवताना काना निसटला असेल. असेल. पण पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं अख्खं पवित्र शास्त्र केडगावला मुक्ती मिशनच्या बायका-मुलींनी खिळे जुळवून छापलं, आणि इथे पाच अक्षरांत एक काना सांभाळता येत नाही? चाचा मनापासून ओशाळले, अक्षरांचे शंभर परत करायला निघाले. दाबलेलं सोनं पुसता येत नाही, वर काळी पट्टी चिकटवून नव्याने उठवतो म्हणाले. मी म्हटलं, विचार करतो.

विचार करायची वेळ आली नाही. मंगळवारी रात्री प्रार्थनेला पुस्तक काढलं तर 'श'च्या पुढे काना होता. मुलाने धाकटीच्या कंपासपेटीतल्या सोनेरी जेल पेनने घातलेला. जागा नव्हती म्हणून बारीक आणि जरा तिरका, आणि अजून नीट वाळत नाही, पुस्तक धरलं की बोटाला सोनेरी लागतं. कोचिंगचा तिसरा हप्ता भरलेला नाही, आधीचे दोन परत मिळणार नाहीत. तो पुढे कॉमर्स म्हणतोय. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

गेलात तर पाठीवरची अक्षरं स्वच्छ कागदावर लिहून द्या, आणि पुस्तक घेताना जिन्यात नको, खिडकीपाशी उजेडात वाचून घ्या. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. नवव्या पायरीला सांभाळा.